मावशी नापास

४ मार्च

युद्ध सुरू होऊन बरेच दिवस झाले, पण माझ्या घरात ते आज शिरलं. दुपारी दोन शिपाई आले, एक हुकूम वाचून दाखवला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काळा कागद डकवून गेले. शत्रूच्या विमानांना उजेड दिसता कामा नये. मी म्हटलं, "अहो, ही खिडकी तबेल्याकडे उघडते. शत्रूला दिसलंच तर खेचराचं बूड दिसेल. घाबरला तर बरंच आहे." तर म्हणे, हुकूम आहे. आणि खळ आमचीच वापरली.

ही खिडकी म्हणजे माझी कचेरी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून कांदा चिरता चिरता मी इथूनच अख्खा धंदा हाकलाय. कोणतं खेचर पाय उचलून धरतंय, कोणता गडी तोबऱ्यातले चणे स्वतःच्या खिशात भरतोय, कोण माल न्यायला आलाय आणि कोण नुसता गप्पा छाटायला, सगळं एका नजरेत. आता चुलीपुढे उभी राहिले की त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसतं. ते बघायला घरात आरसा आहे, आणि त्याचाही मी फारसा उपयोग करत नाही. शत्रूने अजून आपली वीतभर जमीन घेतलेली नाही, पण माझी खिडकी पडली. इतिहासात याची नोंद होणार नाही, म्हणून इथे करून ठेवते.

आमचे हे म्हणाले, "वही कशाला? तू बोलतेसच की." यांच्या तोंडून एवढं लांब भाषण कैक दिवसांत ऐकलं नव्हतं.

९ मार्च

सैन्याला खेचरं हवी आहेत. लॉरीचा रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो आणि लढाई चाललीय वर, खिंडीजवळच्या ठाण्यांवर. तिथे तोफगोळे काय नि बटाटे काय, पाठीवरूनच जाणार. रस्ता संपतो तिथून पुढे माल पोचवणं हा आमचा सासऱ्यांपासूनचा धंदा. तेव्हा सरकार आमचं दार ठोठावणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आमचा तांडा हाकतात ते भावजी, यांचे धाकटे भाऊ. मी या घरात आले तेव्हा शाळा चुकवून तबेल्यात लपून बसायचे. आता लपावं लागत नाही, एवढाच फरक. लग्न करत नाहीत, केस कापत नाहीत, हाकांवर हाका मारल्याशिवाय जेवायला येत नाहीत. मी एकदा म्हटलं, "भावजी, तुमच्यापेक्षा खेचर बरं, निदान वेळेवर खातं." तर म्हणाले, "वहिनी, त्याला तू वाढत नाहीस ना, म्हणून."

पण खरा तांडा चालवते ती मावशी. मावशी म्हणजे आमची पांढरी घोडी. खेचराची आई घोडी असते, आणि म्हणूनच की काय कोण जाणे, खेचर जन्मभर घोडीच्या मागे वेडं असतं. माणसाने ओढलं तर चारी पाय रोवून उभं राहील. मारलं तर कीव आल्यासारखं तुमच्याकडे बघेल. पण घोडीच्या गळ्यात घंटा बांधून तिला पुढे काढा. मग दावं नको, चाबूक नको. वकील, जावईबापू, हेडमास्तर, थोरली सून, सगळी एका रांगेत. नावं भावजींनी ठेवलीत आणि स्वभाव बघूनच ठेवलीत. जावईबापूंना दुसऱ्याच्या तोबऱ्यातलं जास्त गोड लागतं.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर येऊन गेले. गावातलेच, पण सैन्याने त्यांना गणवेश चढवलाय. तो कोण्या धिप्पाड माणसासाठी शिवलेला असावा. डॉक्टर आत शोधावे लागतात. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, कप्तान येतोय जनावरं निवडायला. मावशीला मागच्या खोपीत ठेवा. आणि ती घंटा काढून ठेवा."

"का बरं?"

"आवाज होतो."

"घंटेचा आवाज नाही होणार तर काय वास येणार?"

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फक्त काही बोलू नका. बाकी मी बघतो."

माझ्या घरात, माझ्या उंबऱ्यात, मला! मी चहा विचारला नाही.

१२ मार्च

आजचा दिवस माझा.

कप्तान सकाळीच आला. मिशी अशी की वरच्या ओठावर शाई सांडली असावी. बरोबर चार शिपाई आणि डॉक्टर. मावशीला मी खोपीत ठेवलं होतं खरं, पण खोपीचं दार आमचं, ते काय राहणार बंद! तिने मान बाहेर काढली. कप्तानाने विचारलं, "ही कोण?" डॉक्टर पुढे झाले. तिच्या दातांत बोट घातलं, पुढचा डावा गुडघा दाबला, छातीला नळी लावली, आणि जवळजवळ आनंदाने म्हणाले, "म्हातारी. गुडघा गेलाय. नापास."

माझ्या मावशीचा गुडघा! मागच्याच उन्हाळ्यात ही बाई खिंडीपर्यंत जाऊन आली.

मी जीभ चावली. यांनी सकाळीच बजावलं होतं. मग डॉक्टर कप्तानाला म्हणाले, "साहेब, आणि ही खेचरं डोंगरात कामाची नाहीत. तब्येत ठीक आहे, पण तांडा म्हणून चालत नाहीत. हट्टी आहेत. ही इथेच वापरा, स्टेशन ते कोठार. हाकणाराही इथलाच राहू दे."

कप्तानाने शिपायांना सांगितलं, ओढून बघा. शिपायांनी वकिलाला ओढलं. वकील खाली बसला. हेडमास्तरला ओढलं, हेडमास्तरने शिपायाची टोपी काढून घेतली. थोरली सून तर हललीच नाही, फक्त शेपटीने एकाच्या तोंडावर फटकारा मारला. भावजी भिंतीला टेकून उभे, एक शब्द नाही. एरवी हाच माणूस जिभेच्या एका टकटकीवर खेचरांना नाचवतो. मला इतका राग आला.

आणि कप्तान हसला. म्हणाला, "ही खेचरं आहेत की सरकारी कचेरी?"

शिपाईही हसले. सासऱ्यांनी उभा केलेला तांडा, आणि त्याच्यावर हा शाई सांडलेला पोरगा हसतोय! मी वळले ती थेट खोपीकडे. डॉक्टर वाटेत आले, त्यांचा बूट माझ्या पायावर पडला. मी म्हटलं, "डॉक्टर, इतका मोठा गणवेश आहे, त्यात पाय मावत नाहीत का?" यांना नेमका तेव्हाच खोकला आला.

मावशीच्या गळ्यात घंटा बांधली आणि तिला फाटकाबाहेर काढलं. पहिला टोल वाजला आणि वकील उठला. मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. विहिरीला वळसा घातला, लोहाराच्या गल्लीतून वर गेले, शाळेपुढून खाली आले, आणि कप्तानाच्या मोटारीपाशी येऊन थांबले. तांडा माझ्या मागे, सुतासारखा सरळ. जावईबापूंनी मोटारीच्या खिडकीतून मान आत घालून साहेबांची टिपणं हुंगली.

कप्तानाने टाळ्या वाजवल्या. "सगळी पास! घोडीसुद्धा! डॉक्टर, तुमचा गुडघा काहीही म्हणो. डोंगरावर पाठवा. हाकणारा कोण?"

भावजी भिंतीपासून दूर झाले. "मी."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसला. माणसाचं निदान चुकलं की त्याला काचांचा राग येतो.

रात्री यांनी ताटात चिवडाचिवड केली. पोट बिघडलं असेल. मी मात्र पोटभर जेवले.

१९ मार्च

तांडा गेला. मी मावशीला स्वतः खरारा केला, नवीन झूल घातली, घंटा चिंचेने घासून लखलखीत केली. भावजींना म्हटलं, "नीट राहा. वेळेवर खा. आणि कप्तानाशी वाद घालू नका, त्याला अक्कल कमी आहे."

"वहिनी, तो तुझ्यावर जाम खूश आहे."

"म्हणूनच म्हणते."

ते हसले. गुडघे वाकवून माझ्या पाया पडायला गेले, मी म्हटलं, "असली नाटकं नकोत, लॉरी उभी आहे." मग त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे भाऊ बोलले काहीच नाहीत. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे.

लॉरीपर्यंत घंटा ऐकू येत होती.

२ एप्रिल

तबेला इतका रिकामा आहे की त्यात मी बोलले तर मलाच उत्तर मिळतं. ही सोय आधी नव्हती.

वरून बातम्या येतात त्या भलत्याच. खिंडीपाशी तोफा चालू आहेत. शेजारच्या लोहाराने परवा सांगितलं की सैन्याला ठोकायला दिलेले नाल परत आले, पायांसकट. मी म्हटलं, "बाबा, असलं बोलायचं असेल तर माझ्या दारात उभा राहू नकोस."

आज जेवताना मी सहज म्हटलं, "त्या डॉक्टरला अजून लाज वाटत असेल. नापास म्हणे! सगळ्यांसमोर तोंडघशी पडला."

यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "तो तुला गप्प बसायला सांगत होता."

"ते मला कळलं. मला गप्प बसायला सांगणारे बरेच असतात."

"मावशी नापास झाली की तांडा चालणार नाही. तांडा चालला नाही की डोंगरावर जाणार नाही. स्टेशन ते कोठार. धाकटा इथेच राहिला असता." पेल्यातलं पाणी प्यायले. "डॉक्टरने आधी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू कप्तानाला ते जास्त चांगलं करून दाखवलं असतंस."

३ एप्रिल

काही नाही.

१७ एप्रिल

चाऱ्याची लॉरी चालवणारा सरदारजीसारखा दाढीवाला माणूस (आम्ही त्याला दाढीच म्हणतो) आज पायथ्याच्या छावणीतून आला. भावजींचा निरोप नाही, पण बातमी आहे.

शत्रूचे पहारे खिंडीच्या पलीकडेच आहेत. म्हणून छावणीत पोचताच कप्तानाने मावशीची घंटा काढून घेतली. बिनघंटेची मावशी पुढे चालली. उघडीप होती तोवर पांढरी घोडी लांबूनही दिसायची. तांडा मागे गेला. पण तिथे सकाळी धुकं उतरतं आणि दुपारपर्यंत हलत नाही. धुक्यात ना घंटा, ना घोडी. तांडा कड्यावर विखुरला. वकील घसरला, गोळ्यांच्या पेट्यांसकट दरीत गेला.

आता कप्तान म्हणतो, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं दावं बांधा. भावजी म्हणतात, कड्यावर बांधणार नाही. एक घसरला की सगळे जातील. कप्तान म्हणतो, बांधायला तयार नसशील तर हुकूम मोडल्याबद्दल तुला कोठडीत घालतो आणि दुसऱ्या माणसाकडून बांधून घेतो.

"तुमचे भावजी म्हणाले, घाला कोठडीत," दाढी म्हणाला. "पण वर ठाण्यावर जखमी पडलेत हो वहिनी. त्यांना खाली आणायलाही खेचरंच लागणार. ते ऐकल्यावर भावजी दावी मोजायला लागले. उद्या-परवा बांधतील बहुतेक. आणि मग दाव्याचं पहिलं टोक स्वतःच्या कमरेला बांधतील. माणूस तसला आहे."

मला माहीत आहे माणूस कसला आहे. मी वाढवलाय.

हे कोटाची बटणं लावायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही कुठे? तुम्हाला जिना चढला की धाप लागते. घर सांभाळा." दाढीला विचारलं, "परत कधी जाणार?"

"आत्ता. पण बायकामाणसांना छावणीत..."

"मी चारा आहे असं समज."

१८ एप्रिल

लॉरीत पुढच्या बाकावर आधीच कोणीतरी बसलं होतं. गणवेश होता, बारकाईने पाहिलं तर आत डॉक्टर. छावणीतल्या जनावरांची तपासणी करायला निघालेले.

अर्ध्या रस्त्यापर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मला बोलायचं असतं तेव्हा मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण आज नुसती वळणं मोजली. वर चढलो तशी थंडी हाडात शिरायला लागली. मी घाईत शाल विसरले होते. डॉक्टरांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या मांडीवर ठेवला. मोहरीच्या रंगाचा, आणि इतका वाईट विणलेला की मला राहवलं नाही.

"हे कोणी विणलं?"

"मुलीने. तिचं पहिलंच." ती आता कुठल्याशा इस्पितळात परिचारिका आहे, आघाडीवर. "दोन ठिकाणी टाके सुटलेत. मी सांगितलं नाही तिला."

मी तो गळ्याला गुंडाळला. ऊब होती. टाके सुटलेत तिथून वारा यायचा.

१९ एप्रिल

कप्तानाच्या तंबूत गेले तर मावशीची घंटा कागदं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेली. मी म्हटलं, "साहेब, छान उपयोग केलात. आता तोफ कपडे वाळत घालायला वापरा."

"वहिनी, तुम्ही इथे कशा?"

"चाऱ्यातून. ते जाऊ दे. मला एक दिवस द्या. उद्या तांडा धुक्यात चालवून दाखवते, घंटेशिवाय, दाव्याशिवाय. नाही जमलं तर बांधा."

"कसं करणार?"

ते मलाही माहीत नव्हतं, पण ते त्याला सांगायची गरज नव्हती.

भावजी खराब दिसत होते. दाढी वाढलेली, हनुवटीवर खरचटलेलं. मला बघून म्हणाले, "वहिनी, जेवायच्या हाका मारायला आलीस?" मी म्हटलं, "हो. पहिली हाक झाली." वकिलाचा रिकामा तोबरा कोपऱ्यात टांगला होता.

मावशी डाव्या पायावर भार देत नव्हती. तिने माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. मी गुडघ्याला हात लावला, गरम. डॉक्टर बाजूलाच होते. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही. एवढं मोठेपण मला आयुष्यात जमणार नाही.

२० एप्रिल

सकाळी धुकं इतकं की हाताची बोटं मोजायला दुसऱ्या माणसाला बोलवावं लागेल. मावशीची झूल भिजली होती म्हणून भावजींनी ती तंबूच्या दोरीवर टाकली होती. मी चहा घेऊन बाहेर आले तर सगळी खेचरं त्या दोरीभोवती गोळा झालेली. मावशी पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एकटी. आणि हे सगळे शहाणे ओल्या झुलीत नाकं खुपसून उभे. हेडमास्तर तर डोळे मिटून, जावईबापूंनी एक टोक चघळायला घेतलेलं.

मी चहा खाली ठेवला. "भावजी, यांना धुक्यात काही दिसत नाही. ऐकूही येत नाही. पण नाक कुठे गेलंय?"

भावजींनी झुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, झूल एक आणि खेचरं ढीगभर."

"कात्री आहे का?"

नवी झूल होती. मी स्वतः शिवलेली. आत महिनाभराचा मावशीचा घाम मुरलेला. तिच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक खेचराच्या पाठीवरच्या पालाणाच्या मागच्या कडेला एकेक बांधली. म्हणजे मागून येणाऱ्याच्या नाकापुढे सतत मावशी. पुढच्याची शेपटी नव्हे, मावशी! पहिल्या खेचरासाठी भावजींच्या कोटाच्या मागे एक पट्टी. भावजी म्हणाले, "वहिनी, म्हणजे मी मावशी?" मी म्हटलं, "केसांवरून अगोदरच होतात."

एक पट्टी कमी पडली. जावईबापूंनी चघळून गिळलेली. मी इकडेतिकडे बघत होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमच्या गळ्यातलं कापा."

"हे?"

"कापा. आधीच सुटतोय."

मी कापला. मावशीच्या मानेवर, काखेत, पोटाखाली बराच वेळ घासला. कापताना टाके सरसर सुटले, आणि मी एकेका धाग्याला गाठ मारत होते. डॉक्टर दुसऱ्याच एका खेचराच्या खुरात बघत होते.

छावणीभोवती एक फेरी मारून दाखवली. धुक्यातून भावजी दिसेनासे झाले, मग खेचरं, एकामागून एक. आवाज फक्त टापांचा. कप्तान माझ्याजवळ उभा. ती सगळी दुसऱ्या बाजूने परत येताना दिसली, एकही इकडेतिकडे नाही, तेव्हा म्हणाला, "वहिनी, तुम्ही सैन्यात असायला हव्या होतात."

"मग तुमचं काय केलं असतं?"

तो हसला. या वेळी मला राग आला नाही.

आणि एक. पट्ट्या बांधल्यावर मावशीची वर गरजच नाही. तिला खाली ठेवायची; परतताना खेचरं तिच्याकडे आपसूक येतील, कोणी हाक न मारता. मी ते कप्तानाला सांगितलं. डॉक्टर लगेच म्हणाले, "मावशी नापास." कप्तान म्हणाला, "नापास." मी गप्प बसले.

२२ एप्रिल

तांडा वर गेला आणि आला. पहाटेच्या धुक्यात गेला, दुपारी आम्ही सगळे मावशीपाशी थांबलो होतो. मी, डॉक्टर, कप्तान, दाढी. मावशीने कान टवकारले ते आमच्याही आधी. मग उतारावरून खेचरं, पाठींवर जखमी बांधलेले, एकेकाच्या बाजूला एकेक शिपाई. सगळी सरळ मावशीकडे. एका जखमी पोराने मावशीच्या मानेला मिठी मारली आणि सोडेचना. आईला मिठी मारावी तशी. ती उभी राहिली.

भावजी सगळ्यात शेवटी आले. दोन पायांवर. कोटाची पट्टी शाबूत. म्हणाले, "वहिनी, भूक लागलीय."

मी त्यांना वाढलं आणि उद्याच्या लॉरीने खाली जायचं ठरवलं. इथे थांबून मी काय करणार? तांडा चालतोय.

५ जून

घरी. दाढी आठवड्याला एकदा येतो आणि सांगतो, भावजी ठीक आहेत. मी विचारते, "नीट बघितलंस?" तो म्हणतो, "वहिनी, जितकं माणसाला माणूस बघता येतं तितकं." जावईबापू गेले. तोफेचा तुकडा. भावजींनी निरोप दिला की शेवटच्या दिवशीही त्यांनी हेडमास्तरच्या तोबऱ्यातलं खाल्लं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे यांना काही विचारायला नको.

यांनी आज खिडकीच्या काळ्या कागदाला एका कोपऱ्यात बोटभर भोक पाडलं. मी म्हटलं, "अहो, हुकूम आहे." म्हणाले, "विमानाला एवढं बारीक दिसतं का?" त्यातून तबेल्याचं फाटक दिसतं. नेमकं फाटकच.

३० सप्टेंबर

वर बर्फ पडलं. खिंड बंद झाली, लढाई पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबली. सैन्याने आमचा तांडा परत पाठवला. आधी मावशी, तीन पायांवर नाचत आल्यासारखी. मागे हेडमास्तर, थोरली सून आणि बाकीचे. गेले होते त्यापेक्षा कमी. सर्वांत मागे भावजी. केस कापलेले! सैन्याने एक तरी काम केलं.

फाटकात थांबून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि ते रडले. म्हणजे आमचे हे. मी म्हटलं, "जेवायला चला. तिसरी हाक मारायला लावू नका."

भावजी म्हणाले, "वहिनी, पुढच्या उन्हाळ्यात परत बोलवतील."

"बोलवू देत. डॉक्टर तपासतील. मी खोपीत मावशीपाशी बसेन आणि काही बोलणार नाही."

"तू?"

"मी."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. हसू देत.

१४ ऑक्टोबर

मोहरीच्या रंगाची लोकर मिळायला गाव पालथं घालावं लागलं. लढाईच्या दिवसांत लोकर सगळी मोज्यांना जाते. विणून झाला आज. यांनी विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "थंडीसाठी."

या गावात कोणालाही विचारा, माझ्या हातून टाका सुटत नाही. आज दोन ठिकाणी सोडले. कुठे ते मला नीट आठवत होतं. गाठी मारताना मला तो मफलर पाठ झाला होता. दोन्ही वेळा हात अडला, पण सोडले.

दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. ते मागच्या अंगणात कोणाच्या तरी बैलाच्या जिभेवर औषध घालत होते. बैल ओरडत होता, डॉक्टर त्याच्याहून जास्त. मी आत शिरले, खुंटीवर त्यांचा तो ढगळ कोट होता. त्यावर मफलर टाकला आणि सुटलेले टाके वर दिसतील असा फिरवला.

मग घरी आले. दूध उतू गेलं होतं.